धामणगावच्या आतल्या गावात आलिशान इलेक्ट्रिक गाडी घ्यायची, तर आधी पांदण आणि डीपी बघा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावा म्हणून थोडक्यात परत मांडतो. तुमचं गाव धामणगाव रेल्वेपासून १६ किलोमीटर आत आहे. त्यातले शेवटचे दोन किलोमीटर पांदण रस्ता, म्हणजे शेतातून जाणारी कच्ची वाट, कारण घर वावरातच बांधलंय. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, भागीदारी आहे. आठवड्यातून एक चक्कर नागपूरची, वर्षातून दोन-तीन मुंबईच्या. वडिलांच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना मागच्या सीटवर आरामात बसता यावं ही मुख्य इच्छा. मनात मर्सिडीजची ईक्यूएस ५८० भरली आहे आणि तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: ८५७ किलोमीटर रेंज खरी का, आपल्या उन्हात बॅटरी टिकेल का, आणि एवढी ताकद आपल्या रस्त्यावर कामाची आहे का.

मी २२ वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय. गेली सात वर्षं जास्त करून इलेक्ट्रिक गाड्या आणि घरी चार्जर बसवण्याची कामं. वर्कशॉप नागपुरात असलं तरी गाव हिंगणघाटकडचं, त्यामुळे पांदण म्हणजे काय ते मला सांगावं लागत नाही. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतो. पण मला विचाराल तर खरी अडचण तुम्ही प्रश्नाच्या शेवटी, जाता जाता लिहिली आहे: ते दोन किलोमीटर, आणि "संध्याकाळी लाईन जरा कमी असते" हे वाक्य.

आधी रेंज. ८५७ हा आकडा खोटा नाही, पण तो आपल्या देशातल्या चाचणीचा आकडा आहे. त्या चाचणीत गाडी रोलरवर चालते, एसी बंद असतो, वेग जास्तीत जास्त ताशी ९० आणि सरासरी त्याहून बरीच कमी. त्याच गाडीला युरोपातल्या चाचणीत पावणेसातशेच्या आसपास रेंज मिळते. बॅटरी १०७.८ युनिटची आहे. माझ्या अनुभवात समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाने, मे महिन्यात, एसी लावून आणि चार माणसं बसवून अशा गाडीला ४५० ते ५०० धरावेत. ९०-१०० ने चालवलं तर साडेपाचशेच्या वर जाते. तुमची नागपूरची चक्कर जाऊन-येऊन तीनशेच्या आत आहे, म्हणजे तिथे रेंजचा विषयच नाही. मुंबईला जाताना वाटेत एकदा चार्ज करावं लागेलच. ते संभाजीनगरच्या आसपास, जेवणाच्या वेळेत करायचं आणि निघण्याआधी ॲपवर चार्जर चालू असल्याची खात्री करायची. शिवाय त्याच्या पुढच्या टप्प्यावरचा दुसरा एक चार्जर मनात ठेवायचा. एवढं सांभाळलं की रेंजची काळजी संपली.

आता या गाडीची रचना जरा समजून घ्या, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. ईक्यूएसचा आकार पाण्याने गुळगुळीत झालेल्या गोट्यासारखा आहे, पुढून मागेपर्यंत एकच कमान. हवेच्या अडथळ्याचा गुणांक ०.२०, म्हणजे विक्रीला असलेल्या गाड्यांमध्ये फार थोड्यांना जमलेला. त्यासाठी कंपनीने पुढची जाळी बंद केली, दाराच्या मुठी आत दडवल्या, पोट सपाट केलं आणि गाडी जमिनीलगत आणली. पण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मी कागदावर हिशोब केला: ताशी ४० ला या गाडीला हवेचा अडथळा हा चाकांच्या अडथळ्याच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढा असतो. १२० ला मात्र हवेचा अडथळा चाकांच्या पुढे जातो. म्हणजे त्या सगळ्या गुळगुळीतपणाचा फायदा समृद्धीवर आहे. गावापासून डांबरी रस्त्यापर्यंत त्याचा फायदा जवळजवळ शून्य आणि त्यासाठी दिलेली किंमत, म्हणजे कमी उंची, पूर्णच्या पूर्ण मोजावी लागते.

त्यात चाकांमधलं अंतर ३.२ मीटर. लांब गाडीचं पोट मधोमध टेकतं. पुढची चाकं उंचवटा ओलांडून गेली, मागची अजून यायची आहेत, आणि मधे पोट. एअर सस्पेंशन असल्यामुळे कमी वेगात गाडी थोडी वर उचलता येते, गावातल्या गतिरोधकाला तेवढं पुरतं. बैलबंडीच्या चाकोऱ्या पडून मधे उभा राहिलेला मातीचा वरंबा मात्र वेगळी गोष्ट आहे. तो पोटाखाली एकसलग घासत येतो. आणि या गाड्यांच्या पोटाला सपाट पेटीत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बॅटरी असते.

दोन वर्षांपूर्वी जुलैत यवतमाळकडच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. त्यांची इलेक्ट्रिक सेडान अंगणात उभी, स्क्रीनवर लाल अक्षरं, गाडी सुरूच होत नाही. आदल्या रात्री पावसात पांदणीतून आणली होती, खालून एक "ठक्" असा आवाज आला, पण गाडी चालत होती म्हणून लक्ष दिलं नाही. मी जाऊन जॅकवर घेतली. खालचं प्लास्टिकचं आवरण मुरमाच्या दगडाने फाटलं होतं. त्या फटीतून काळी माती आत शिरून विटेसारखी घट्ट बसली होती आणि बॅटरी थंड ठेवणाऱ्या पाण्याची नळी पिचली होती. इन्सुलेशन कमी झाल्याचं गाडीच्या संगणकाला कळलं आणि त्याने बॅटरीचे कॉन्टॅक्टर उघडे ठेवले, म्हणजे बॅटरीचा गाडीशी संबंधच तोडला. गाडीने योग्य तेच केलं. पण मग अशा गाडीला दोर बांधून ओढता येत नाही, कारण चाकं फिरली की मोटारी फिरतात. चारही चाकं वर घेणारी फ्लॅटबेड नागपूरहून मागवली. ती पांदणीत येईना, म्हणून चाकांखाली ट्रॉल्या सरकवून ट्रॅक्टरने हळूहळू डांबरीपर्यंत आणली. नळी आणि आवरणाचंच काम होतं, बॅटरीचा पॅक वाचला. तरी विम्याची तपासणी, सुटे भाग, सगळं धरून गाडी तीन आठवडे बाहेर होती.

म्हणून माझं पहिलं मत स्पष्ट आहे. पांदण खडी-मुरूम घालून, रोलर फिरवून पक्की होत असेल तर सेडानचा विचार करा. दर पावसाळ्यात चाकोऱ्या पडणार असतील तर ईक्यूएस सेडान त्या घरात आणू नका. त्याच कंपनीची ईक्यूएस एसयूव्ही आहे, बीएमडब्ल्यूची आयएक्स आहे. या हवेला थोड्या जास्त अडतात, रेंज थोडी कमी देतात, पण पोट उंच आहे.

वडिलांच्या दृष्टीनेही मी उंच गाडीकडेच झुकतो, आणि हे शोरूममध्ये सहसा कोणी सांगत नाही. बॅटरी पायाखाली असल्यामुळे सेडानमध्ये मागची तळजमीन वर येते, छत मात्र उतरतं ठेवायचं असतं. मग सीट फार वर घेता येत नाही आणि गुडघे उंच राहतात, मांडीला पुढे टेकू मिळत नाही. तासाभराने मणक्याच्या माणसाला ते जाणवतं. शिवाय खाली वाकून बसायचं आणि उठताना कंबरेवर जोर द्यायचा. उंच गाडीत सीट कमरेच्या पातळीला येते, माणूस बाजूने सरकून बसतो. वडिलांना बरोबर न्या आणि दोन्ही गाड्यांत मागे किमान पाऊण तास बसवा. गाडी चालू असो वा उभी. नुसतं दार उघडून बसून उठले की सगळंच चांगलं वाटतं.

टायरचंही इथेच सांगून टाकतो. या गाड्यांना २०-२१ इंची रिम असते. २६५/४० मापाच्या टायरची बाजूची भिंत साधारण १०६ मिलिमीटर, म्हणजे तुमच्या चार बोटांपेक्षा थोडी जास्त. वजन २६०० किलोच्या घरात. खड्ड्याच्या कडेवर एवढं वजन आपटलं की रिम आणि दगड यांच्यात टायर चिमटतो आणि बाजूला फुगा येतो. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत स्टेपनी नसते, नुसतं पंक्चर भरायचं द्रव्य असतं, ते बाजूला फाटलेल्या टायरला काही करत नाही. पर्याय मिळत असेल तर लहान रिम आणि जाड टायर घ्या. दिसायला थोडं कमी वाटेल, पण गावातल्या रस्त्यावर तीच शहाणी निवड.

आता ऊन. लिथियम बॅटरीला साधारण २० ते ३५ अंश आवडतात, माणसासारखंच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पण या वर्गाच्या गाड्यांत बॅटरीभोवती पाणी फिरतं आणि ते पाणी गरज पडली की गाडीच्या एसीच्याच गॅसने थंड केलं जातं. त्यामुळे चालत्या गाडीत उन्हाची मला फारशी भीती नाही. बॅटरी म्हातारी होते ती उभ्या गाडीत, १०० टक्के भरून उन्हात दिवसेंदिवस ठेवली की. रोजच्या वापराला ८० टक्क्यांवर थांबवा, मुंबईला निघायच्या आदल्या रात्रीच पूर्ण भरा. पत्र्याच्या बंद शेडपेक्षा स्लॅबचा मोकळा पोर्च बरा. दुपारी पत्र्याखाली बाहेरच्यापेक्षा जास्त तापतं.

एसीचा खर्च लोक चुकीच्या ठिकाणी मोजतात. एसीला तासाला दोनेक युनिट लागतात असं धरा. ताशी १०० ने जाताना १०० किलोमीटरला ते दोनच युनिट झाले. २५ च्या वेगाने खड्डे चुकवत गेलात तर तेवढ्याच अंतराला आठ. म्हणून गावातल्या गावात फिरताना रेंज झपाट्याने उतरताना दिसली तर घाबरू नका, गाडी बिघडलेली नसते.

पण भाऊ, तुमच्या बाबतीत उन्हापेक्षा एक वेगळी गोष्ट मला जास्त काळजीची वाटते, ती म्हणजे जिनिंग. सीझनमध्ये आवारात रुईचे तंतू हवेत तरंगत असतात, ते तुम्ही रोज बघता. जिनिंगमध्ये उभ्या राहणाऱ्या गाड्या मी खोलल्या आहेत. एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरच्या बारीक पट्ट्यांवर तो कापूस बसतो, त्यावर धूळ, पुन्हा कापूस, आणि दोन-तीन महिन्यांत नमद्यासारखा थर तयार होतो. नखाने कडा धरली तर अख्खा थर चादरीसारखा सुटून येतो. डिझेल गाडीत त्याने एसी कमी थंड होतो, इंजिन थोडं तापतं. इलेक्ट्रिकमध्ये बॅटरीही त्याच यंत्रणेने थंड होते. समृद्धीवर जलद चार्जिंग लावलं की चार्जर वेग देतोय पण गाडी घेत नाही, कारण पॅक गार होत नाही. ईक्यूएस सेडानचं बॉनेट मालकाने उघडायचंच नसतं, ते सर्व्हिसवालेच उघडतात. काच धुण्याचं पाणीसुद्धा बाजूच्या झाकणातून भरतात. म्हणजे आत काय साचलंय ते तुम्हाला दिसणारच नाही. गाडी जिनिंगच्या ऑफिसच्या बाजूला, वाऱ्याच्या वरच्या अंगाला लावा. आणि सीझन संपला की, रस्त्यावर ऊन चढायच्या आत, मार्च-एप्रिलमध्ये पुढचा भाग खोलून कंडेन्सर साफ करून घ्यायचं सर्व्हिसमध्ये लिहून द्या. तोंडी सांगू नका.

ताकदीचं उत्तर छोटं आहे. ५२३ अश्वशक्ती, ८५५ न्यूटन मीटर, शून्य ते शंभर ४.३ सेकंदात. यातलं ओव्हरटेकला जे लागतं ते निम्म्या ताकदीच्या गाडीतही मिळतं. मला या मोटारींचं मोल वाटतं ते दुसऱ्या टोकाला: चिखलात चाक घसरायला लागलं की सेकंदाच्या बारीकशा भागात मोटार जोर कमी करते, इंजिनाला ते इतक्या लवकर जमत नाही. आणि पाय उचलला की मोटारच ब्रेक लावते, वीज परत बॅटरीत जाते. संध्याकाळी ढोरं घरी परतत असतात त्या रस्त्यावर हे फार उपयोगी आहे. पण गाडीचा आवाज फारसा येत नाही हे घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याच्या डोक्यात बसवा. आपल्याकडे रस्त्यावरून चालणारं माणूस मागे वळून बघत नाही, आवाज ऐकून बाजूला होतं.

आता डीपीकडे, म्हणजे गावाला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरकडे येतो, कारण बाकी सगळं जमलं तरी गाडी घरी भरली नाही तर तिचा त्रासच होतो. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर तासाला अडीच-तीन युनिट जातात, म्हणजे रिकामी बॅटरी भरायला दीड दिवस. सिंगल फेजचा ७.४ किलोवॅटचा चार्जर १५-१६ तास घेईल. थ्री फेज ११ किलोवॅटचा दहा-अकरा तास, म्हणजे एक रात्र. तुमच्यासाठी शेवटचाच योग्य. त्यासाठी घराच्या जोडणीचा मंजूर भार वाढवून थ्री फेज करून घ्यावा लागेल, महावितरणच्या उपविभागात तसा अर्ज करा. गावची डीपी ६३ केव्हीएची असेल तर तुमचा एकटा चार्जर तिचा जवळपास सहावा हिस्सा खाणार. हे लाईनमनला आधी विचारा, चार्जर विकणाऱ्याला नाही.

घर वावरात आहे म्हणून मोटारपंपाच्या लाईनवर चार्जर जोडायचा मोह होईल. कोणीतरी सुचवेलही. करू नका. शेतीची जोडणी शेतीपुरतीच असते आणि दुसऱ्या कामाला वापरली तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो. शिवाय ती लाईन पाळीने येते आणि एकदम सगळे पंप सुरू झाले की व्होल्टेज झोपतं. गाडीचा चार्जर असं व्होल्टेज पाहून स्वतःच थांबतो आणि सकाळी तुम्हाला ३० टक्क्यांची गाडी मिळते.

अर्थिंगचं वेगळं सांगतो, कारण घरच्या चार्जरच्या माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत निम्म्या याच्या असतात. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. पावसाळ्यात चांगली असलेली अर्थिंग एप्रिलमध्ये मातीपासून सुटते, कारण खड्ड्याभोवतीची माती आकसून फट पडते. चार्जर सुरू होण्याआधी अर्थ तपासतो, त्याला ती मिळाली नाही तर लाल दिवा लावून बसतो. मालक म्हणतो चार्जर बिघडला. मी जातो, खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओततो, पंधरा मिनिटांनी दिवा हिरवा. पण हा रोजचा उपाय नाही. चार्जरसाठी वेगळा, खोल अर्थिंगचा खड्डा करा, कोळसा-मीठ किंवा तयार मिळणारं अर्थिंगचं मिश्रण भरा, आणि उन्हाळाभर त्यात पाणी टाकायचं काम घरातल्या एकाच्या अंगावर द्या. मापन मे महिन्यात करून घ्या. ऑगस्टमधलं मापन उपयोगाचं नाही.

छतावर सोलर असेल तर छान जुळतं. १० किलोवॅटच्या पॅनलमधून वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला चाळीसेक युनिट मिळतात, म्हणजे या गाडीचे साधारण २०० किलोमीटर. आठवड्याला एक नागपूर करणाऱ्याला ते पुरून उरतं.

इथवरचा माझा कल सांगायचा तर: तुम्ही दिलेल्या माहितीवर मी उंच गाडी, लहान रिम, घरी ११ किलोवॅट थ्री फेज, असं सुचवेन. पण हे दोन गोष्टींवर बदलू शकतं. ग्रामपंचायतीकडून पांदण पक्की होणार असेल तर सेडानही चालेल. आणि थ्री फेज मिळणारच नसेल तर गाडी जिनिंगमध्ये भरण्याची सोय बघावी लागेल. तिथे औद्योगिक जोडणी असल्यामुळे लाईन भक्कम असते, फक्त वर सांगितलेलं कापसाचं पथ्य पाळायचं.

तेव्हा पैसे भरण्याआधी एवढं करा. एक साधा मल्टिमीटर घ्या आणि आठ दिवस सकाळी सहा, संध्याकाळी सात आणि रात्री अकरा वाजता घरातलं व्होल्टेज वहीत लिहा. पांदणीत जिथे वरंबा सगळ्यात उंच आहे तिथे दोन्ही चाकोऱ्यांवर आडवी काठी टेकवा. वरंबा काठीला वर उचलत असेल तर काठी चाकोरीपासून किती उचलली गेली ते टेपने मोजा. पांदणीचे फोटो आणि वहीचं पान इथे टाका. व्होल्टेज पाहिलं की स्टॅबिलायझर लागेल का आणि किती केव्हीएचा, ते मी लगेच सांगतो.